एअर रायफलचा ग्रुप फुटतोय? नवी घेण्याआधी हे तपासा

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि हवेत ओलावा नावाला उरत नाही. मृग लागला की तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. रायफलचा लाकडी दस्ता असा वर्षातून दोनदा आकसतो, फुगतो आणि त्यातले स्क्रू सैल पडतात. एकाच नेमाने मारलेल्या छऱ्यांच्या भोकांचा पुंजका म्हणजे ग्रुप; 10 मीटरवर तो फुटण्याचं, छर्रे विखुरण्याचं हे सगळ्यांत साधं कारण आहे आणि त्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. लोक नळी घासतात, तेल ओततात, शेवटी जास्त ताकदीची रायफल घेतात, आणि नव्या रायफलचे स्क्रूही पुढच्या पोळ्यापर्यंत ढिले झालेले असतात.

इथे मुख्यतः नळी मोडून (सांध्यात वाकवून) भरायच्या स्प्रिंगच्या एअर रायफलबद्दल लिहिलं आहे, कारण गावाकडे तीच जास्त आढळते. 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. त्यापुढच्या ताकदीला लागतो. 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 175 मीटर वेगाने सुटला तर ताकद 8 जूलच्या आसपास भरते आणि कागदाच्या निशाण्याला तेवढी भरपूर होते. खरेदीचं बिल रायफलसोबतच ठेवा. नेमबाज स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्य मिळवलं ते 50 मीटरवर, पॉइंट टू टू (0.22 इंच नळीच्या) रायफलने. ते बंदुकीच्या दारूवर चालणारं शस्त्र आहे, त्याला परवाना हवाच.

आधी जागा

उघड्या वावरात धुऱ्यावर डबा ठेवून नेम मारू नका. छर्रा काहीशे मीटर जाऊ शकतो आणि तुरीच्या ओळींत कोण निंदतंय ते दिसत नाही. रिकामा कोठा किंवा लांब ओसरी उत्तम. उभं राहायच्या रेषेपासून कागदापर्यंत बरोबर 10 मीटर, निशाण्याचा मध्य जमिनीपासून 1.4 मीटर. निशाण्याच्या बाजूचं दार आतून कडी लावून बंद करा. ये-जा फक्त तुमच्या पाठीमागच्या दाराने व्हावी.

छर्रे अडवायला साधारण 30 सेंटिमीटरची चौकोनी लाकडी पेटी करा. आत 3 मिलिमीटर जाडीची लोखंडी पाटी 45 अंशांत तिरपी बसवा: वरची कड तुमच्याकडे, खालची मागे. छर्रा पाटीवर आपटून खाली पडतो. पाटी उलटी बसली तर तो वर उडतो आणि सरळ उभी बसली तर तुकडे तुमच्याकडे परत येतात. पेटीचं तोंड पुठ्ठ्याने झाका आणि मागे वाळूची पोती रचा. पोत्यात काळी माती भरू नका, उन्हाळ्यात तिची ढेकळं दगडासारखी होतात आणि आत खडेही असतात. नेम मारणारा आणि पाहणारा, दोघांच्याही डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा हवा.

निशाणा घरी छापताना एक चूक नेहमी होते. प्रिंटर पान बसवायला चित्र आपोआप लहान करतो. छापून झाल्यावर पट्टी लावा: 10 मीटर रायफलच्या निशाण्याचा काळा गोल 30.5 मिलिमीटर, सगळ्यांत बाहेरची रिंग 45.5, नऊची 5.5 आणि दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. अभिनव बिंद्राने 2008 मध्ये बीजिंगला सुवर्ण मिळवलं ते याच मापाच्या निशाण्यावर. पातळ कागद फाटतो, त्यामुळे जाड कार्डावर छापा.

ग्रुप फुटला तर या क्रमाने बघा

सुरुवात स्क्रूपासून. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आणि चापाच्या कडीजवळ एक किंवा दोन असतात. खाचेत नीट बसणारा पेचकस घ्या. सैल बसणारा घेतला तर खाच बिघडते आणि पुढे स्क्रू निघतच नाही. घट्ट लागला की थांबा. त्यापुढे जोर दिला तर लाकूड दबतं आणि आठवड्यात स्क्रू पुन्हा ढिला होतो. दर वेळी नेम सुरू करण्याआधी बोटाने चाचपा. मृगाआधी आणि पोळ्यानंतर पेचकस लावून नीट बघा.

मग छर्रे. टार्गेटसाठी सपाट तोंडाचेच घ्या, ते कार्डाला स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण मोजता येतात. टोकदार छर्रे भोक फाडतात. डब्यातले छर्रे पांढऱ्या कापडावर पसरून मागची कड चेपलेले बाजूला काढा. प्रत्येक नळीला एखादाच छर्रा मानवतो. दोन-तीन प्रकार आणा, प्रत्येकाचे पाच-पाच छऱ्यांचे तीन ग्रुप मारा. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजून त्यातून 4.5 वजा केलं की ग्रुपचं माप मिळतं. ज्याचं माप कमी, त्याचेच डबे घ्या, किंमत काहीही असो.

तिसरी गोष्ट पकड. स्प्रिंगच्या रायफलमध्ये चाप दाबल्यावर जड पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीतून सुटेपर्यंत रायफल आधी मागे, मग पुढे हलते. तिला आवळून धरलं तर दर वेळी वेगळी हलते. डावा तळवा उघडा ठेवून त्यावर रायफल नुसती टेकवा, बोटांनी दाबू नका, आणि तळवा रोज त्याच जागी ठेवा. पोत्यावर टेकवून मारताना रायफल थेट पोत्यावर न ठेवता मध्ये हात ठेवा. कडक फळीवर टेकवली की छर्रे सरळ वर जातात.

हे तिन्ही ठीक असेल तरच साइटला, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणांना, हात लावा. पाच मारा, पाचांचा मध्य बघा, एकेका भोकामागे धावू नका. मागचा साइट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला छर्रा जातो, पुढच्याचं उलट. नजर पुढच्या साइटवर स्पष्ट आणि काळा गोल किंचित धूसर दिसायला हवा.

त्यानंतर सील, म्हणजे हवा गळू न देणारा भाग. नळी जिथे मोडते त्या सांध्याजवळ पातळ कागदाची पट्टी धरून ठेवायला कोणाला सांगू नका, ती सांध्यावर आडवी ठेवा आणि छर्रा मारा. पट्टी उडाली तर तिथली रबरी रिंग गेली आहे. रिंग स्वस्त आहे, बदलणंही सोपं. आवाज बदलला, वेग कमी झाला आणि पट्टी मात्र हलली नाही, तर दोष आत पिस्टनच्या सीलमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये आहे. रायफल घरी उघडू नका. स्प्रिंग दाबलेली असते, शिकंजा नसताना पिन काढली तर ती जोरात बाहेर येते.

तेल

सगळ्यांत जास्त रायफली तेलानेच बिघडतात. पिस्टन हवा दाबतो तेव्हा आतली हवा प्रचंड तापते. तिथे पंपाचं ऑइल, शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे असेल तर ते पेटतं. धूर निघतो, मोठा आवाज होतो आणि सील जळतं. त्या आवाजाला ताकद समजणारे बरेच आहेत, पण तेव्हा छर्रे कधी वर, कधी खाली लागतात. आत फक्त सिलिकॉन तेल, तेही एखादा थेंब, वर्षातून एक-दोनदा. जुन्या रायफलीत चामड्याचा वॉशर असतो, तो आपल्या उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्याला दोन-तीन थेंब लागतात. नळी वर करून रात्रभर उभी ठेवा. पुढचे काही छर्रे मारताना थोडा धूर दिसेल.

बाहेरच्या लोखंडावर मात्र शिलाई मशीनचं तेल चालतं, सुती कापडाने पातळ हात फिरवायचा. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. नळी वारंवार साफ करू नका. ग्रुप खरंच ढळला तेव्हा नायलॉनच्या दोरीला कापडाचा तुकडा बांधून मागून पुढे ओढा. लोखंडी ब्रश कधीच नाही. साफ केल्यावर पहिले दहा-वीस छर्रे इकडेतिकडे जातात, त्यावरून साइट हलवू नका.

चाप दाबताना आत छर्रा असलाच पाहिजे. रिकामी मारली तर पिस्टनला अडवायला हवेची गादी राहत नाही आणि तो लोखंडावर आदळतो. ताणलेली (नळी मोडून आतली स्प्रिंग दाबलेली) रायफल तशीच ठेवू नका, स्प्रिंग बसते. छर्रा भरताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरून ठेवा. त्या क्षणी चाप सुटला तर बोटं तुटू शकतात.

ठेवायची कुठे

कूलरच्या खोलीत नाही. दिवसभर तिथे ओली हवा फिरते आणि घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत तांबूस होतात. युरिया-डीएपीच्या पोत्यांजवळ नाही, इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ नाही. फोमच्या कव्हरमध्ये पावसाळा काढू नका, फोम ओल धरतो. कुलूप लावता येईल असं कोरडं कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि छर्रे वेगळ्या कुलपात.

हवेच्या सिलिंडरची रायफल असेल तर ती उभ्या गाडीत ठेवू नका. 25 अंशांत 200 बार दाबाने भरलेला सिलिंडर 65 अंशांना 227 बारच्या आसपास जातो. सिलिंडरवर छापलेली मुदत संपली की तो वापरू नका.

जुनी रायफल विकत घेताना ती हळूहळू ताणा. खरखर आली तर स्प्रिंग तुटलेली असू शकते. सांध्यात नळी आडवी हलते का बघा. कापसाचा बोळा नळीच्या तोंडावर गोल फिरवा, धागे अडकले तर कड खराब आहे, सोडून द्या.

रोही, रानडुक्कर, वानर हाकलायला ही रायफल नाहीच. छऱ्याने जनावर मरत नाही, जखम सडते, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार जखमी करणं म्हणजेही शिकार.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, नेम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. पेटीजवळची जागा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं वेगळं ठेवा. जमलेलं शिसं झाकणाच्या डब्यात भरून भंगारवाल्याला द्या. अंगणात कोंबड्या असतील तर सांडलेला एकेक छर्रा वेचा, त्या तो खडा समजून गिळतात.