सीझनसाठी माणसं हवीत? व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्रामवरून भरती कशी करावी

फोंडा तालुक्यात आमचं बारा खोल्यांचं हॉटेल आहे, खाली रेस्टॉरंट. मंगेशी-म्हार्दोळला येणारे भाविक हे मुख्य गिऱ्हाईक. ऑक्टोबर लागला की गोव्यात किनाऱ्यापासून इथपर्यंत सगळ्याच हॉटेलवाल्यांना एकदम माणसं हवी असतात. पूर्वी आम्ही दारावर पाटी लावायचो, पेपरात चार ओळी द्यायचो. आता भरतीची सगळी कामं फोनवरूनच होतात. ती करता करता जे कळलं ते क्रमाने सांगते.

आधी कागदावर लिहून काढा

काम नेमकं कोणतं, हातात पगार किती, वेळ काय, सुट्टी कधी, जेवण-राहण्याची सोय आहे का आणि माणूस घरी परत कसा जाणार. या सहा गोष्टींची उत्तरं तयार नसतील तर पोस्ट टाकू नका.

शेवटचा प्रश्न मला एका आईने शिकवला. आमची पहिली पोस्ट होती, ‘वेटर पाहिजेत, आकर्षक पगार, त्वरित संपर्क साधा.’ ती वाचून सत्तरी तालुक्यातून एक मुलगी आईला घेऊन, दोन बस बदलून आली. मुलगी चुणचुणीत होती, बोलणं छान झालं. मग मी सांगितलं की काम रात्री साडेदहाला सुटतं. आईने शांतपणे विचारलं, “मग ही घरी कशी येणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दोघींचा अख्खा दिवस आणि बसभाडं फुकट गेलं, कारण मी दोन ओळी जास्त लिहिल्या नव्हत्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर आम्ही कामाची वेळ बदलली आणि रात्री सोडायला गाडी ठेवली.

जाहिरात अशी लिहा

गेल्या सीझनला टाकलेली पोस्ट जशीच्या तशी देते:

‘रेस्टॉरंटसाठी 2 वेटर पाहिजेत. ठिकाण म्हार्दोळ, बसस्टॉपपासून चालत पाच मिनिटं. वेळ दुपारी 12 ते रात्री 9, मध्ये एक तास विश्रांती. रात्री आमची गाडी फोंडा बसस्टँडपर्यंत सोडते. पगार महिना 18,000, दर 5 तारखेला बँकेत. दोन वेळचं जेवण. आठवड्याला एक सुट्टी, पण शनिवार-रविवारी नाही. अनुभव नसला तरी चालेल, शिकवू. स्त्री-पुरुष कोणीही. नाव, गाव आणि कधीपासून येऊ शकता एवढंच व्हॉट्सॲपवर पाठवा. शेवटची तारीख 10 ऑक्टोबर.’

शनिवार-रविवारी सुट्टी नाही हे मुद्दाम लिहिलं. आलेले मेसेज कमी झाले, पण आलेली माणसं टिकली. पगाराचा आकडा झाकून ‘अनुभवानुसार’ लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. घर चालवणाऱ्या माणसाला आधी आकडाच कळायला हवा. ‘फक्त मुली पाहिजेत’ असंही लिहू नका. भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला 1976 च्या समान मोबदला कायद्यानेच मनाई केली होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे.

रंगीत पोस्टर करायचं तर जरूर करा, पण मजकूर खाली टाइपही करा. फोटोतला नंबर कॉपी करताना लोक चुकतात. तारीख तर हवीच. व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड महिनोन्‌महिने फिरतो आणि जागा भरल्यावरही फोन येत राहतात. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडची माणसं हवी असतील तर तीच पोस्ट रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, लिहून घ्या. तिथे बरेच जण देवनागरीपेक्षा तीच लिपी सहज वाचतात.

कुठे टाकायची

वेटर, हाउसकीपिंग, किचन हेल्पर यांच्यासाठी गावाचे व्हॉट्सॲप ग्रुप आणि तालुक्याचे फेसबुक ग्रुप. ॲडमिनला विचारून टाका. त्याहून जास्त उपयोग होतो तो आपल्याच कामगारांच्या स्टेटसचा. ‘मी इथे काम करते’ असं सांगणारी ओळखीची व्यक्ती असली की घरचे निर्धास्त होतात. स्टेटस 24 तासांत जातं, म्हणून आठवड्यातून दोनदा परत लावायला सांगा. पण कोणावर सक्ती करू नका.

अकाउंटंट किंवा फ्रंट ऑफिस मॅनेजर हवा असेल तर लिंक्डइनवर शोधा. कुक, बेकर, बारटेंडर इन्स्टाग्रामवर सापडतात, कारण ते आपलं काम तिथे दाखवतात. कोणाची प्लेट आवडली तर खासगी मेसेज करा. त्यांच्या पोस्टखाली ‘आमच्याकडे या’ अशी कमेंट टाकू नका. त्यांचा आताचा मालकही ती वाचतो. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत किंवा जवळच्या आयटीआयमध्ये प्लेसमेंट बघणाऱ्यांना जाहिरात पाठवून विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकायची विनंती करा.

वेळही बघा. चतुर्थीच्या आठवड्यात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताच्या, गडबडीत कोणी नोकरी शोधत नाही. गणपती पोचवले की लगेच पोस्ट टाका.

मेसेज आले की

स्वतःच्या नंबरवर भरती करू नका, घरचे फोन त्यात हरवतात. वेगळ्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ते फुकट आहे, आणि त्यात प्रत्येक चॅटला लेबल लावता येतं: ‘नवीन’, ‘बोलावलंय’, ‘नंतर विचारू’. ठरलेलं उत्तर साठवून ठेवायचीही सोय आहे. आम्ही त्याच दिवशी उत्तर देतो, कारण सीझनला दोन दिवस थांबलात तर माणूस दुसरीकडे लागलेला असतो.

आधार कार्डाची प्रत पहिल्याच मेसेजला मागू नका. निवड झाल्यावर, समोर घ्या. दिलेली माहिती संमतीने घ्यावी आणि ज्या कामासाठी घेतली त्यालाच वापरावी, हा 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा आहे. उमेदवाराची प्रोफाइल चाळून त्याचा धर्म, जात, लग्न, राजकारण बघत बसू नका. कामाचे फोटो बघा, तेवढं पुरे. जुन्या मालकाला फोन करण्याआधी उमेदवाराला विचारा.

आमच्या नावाने कोणी पैसे मागू नयेत म्हणून प्रत्येक पोस्टखाली एक ओळ असते: ‘नोकरीसाठी आम्ही एक रुपयाही घेत नाही.’ नोकरीचं आमिष दाखवून नोंदणी फी उकळणारे बरेच फिरतात.

बोलावणं आणि नंतर

आधी दहा मिनिटं फोनवर बोला, मग एक दिवस कामाला बोलवा आणि त्या दिवसाचे पैसे संध्याकाळी हातात द्या. गर्दीच्या पंगतीत पाणी कोणाचं संपलंय हे कोणाला न सांगता दिसतं, ते त्या एका दिवसात कळतं.

ज्यांना घेतलं नाही त्यांनाही कळवा. आमचा मेसेज असा: ‘या वेळी जागा भरल्या. पुढच्या सीझनला विचारू का?’ हो म्हणाले त्यांचा नंबर ठेवायचा, बाकीच्यांची माहिती पुसून टाकायची. जागा भरल्या त्या दिवशी प्रत्येक ग्रुपवर ‘भरती झाली’ असं टाकून मूळ पोस्ट काढा.

सत्तरीची ती मुलगी ‘नंतर विचारू’ लेबलमध्ये होती. गाडीची सोय झाल्यावर मी तिला पहिला मेसेज केला. ती वाळपईला एका दुकानात लागली होती, पण तिने तिच्या मावसबहिणीचा नंबर दिला.