बिनसाखरेची आइसकँडी: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांसाठी

साखर काढली की आइसकँडी नुसती अगोड होत नाही, दगडासारखी होते. विरघळलेली साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्येही थोडं पाणी न गोठता राहतं आणि कँडी दाताने तुटते. साखरेऐवजी वापरायचं सुक्रालोज किंवा स्टीव्हिया घातलं की गोडवा येतो, पण ते इतकं कमी लागतं की हे काम होत नाही. त्यात शस्त्रक्रियेनंतर बर्फ कडाकडा चावून गिळायचा नसतो. त्यामुळे मऊपणा दुसऱ्या कशातून तरी आणावा लागतो, आणि ते ‘दुसरं काही’ नव्या पोटाला सोसणारं हवं.

आधी टप्पा बघा. साधारण क्रम असा: पहिले काही दिवस पारदर्शक द्रव, मग दूध-ताकासारखे दाट द्रव, मग वाटलेलं अन्न, मग मऊ अन्न. तारखा प्रत्येक शस्त्रक्रियेनुसार बदलतात, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ताच अंतिम. कँडी कोणत्या टप्प्यात बसते हे ती वितळल्यावर काय होते यावर ठरतं. पाण्याची कँडी म्हणजे पाणी, दुधाची कँडी म्हणजे दूध. जेवणानंतर अर्धा तास काही पिऊ नका असं सांगितलं असेल, तर त्या अर्ध्या तासात कँडीही नको.

पारदर्शक टप्प्यासाठी

४०० मिली पाण्यात कॅफीन नसलेल्या हर्बल चहाच्या २ पिशव्या १० मिनिटं ठेवा. १ छोटा चमचा साधं जिलेटिन ३ मोठे चमचे गार पाण्यात ५ मिनिटं फुगू द्या, मग गरम (उकळता नव्हे) चहात विरघळवा. गोडी सुक्रालोजच्या थेंबांनी आणा. जिलेटिनमुळे बर्फाचे स्फटिक मोठे होत नाहीत आणि कांडीवरून पाणी टपकत नाही. शाकाहारी असाल तर जिलेटिन सरळ वगळा, कँडी थोडी कडक होईल इतकंच. त्याच्या जागी आगर घालू नका. ते गोठून वितळलं की पाणी सोडतं आणि तोंडात रबरी गुठळ्या उरतात. गडद लाल रंगही टाळलेला बरा: उलटी झालीच तर रंग कोणता आणि रक्त कोणतं, हे कळत नाही.

दुधाचा टप्पा सुरू झाल्यावर

या टप्प्यात खरी मेहनत घेण्यासारखी आहे, कारण दिवसाची प्रथिनं (बहुतेकांना ६० ते ८० ग्रॅमचं लक्ष्य असतं) पोटात जागा नसताना भरून काढायची असतात.

घ्या: स्निग्धांश काढलेलं पाश्चराइज्ड दूध २५० मिली, गाळलेलं घट्ट बिनसाखरेचं दही १०० ग्रॅम, चव नसलेलं व्हे आयसोलेट (दुधातल्या प्रथिनांची पावडर) ३० ग्रॅम, झँथन गम (दाटपणा आणणारी पूड) छोट्या चमच्याचा आठवा भाग, व्हॅनिला आणि गोडीचे थेंब.

झँथन आधी कोरड्या व्हे पावडरमध्ये मिसळा. थेट दुधात टाकलं तर माशाच्या डोळ्यासारख्या गाठी होतात आणि त्या मोडत नाहीत. दूध गारच हवं, कारण गरम दुधात व्हे फुटून कणीदार होतं. ब्लेंडर २० सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका. प्रथिनांचा फेस लगेच चढतो, आणि तो फेस म्हणजे पोटात जाणारी हवा. मिश्रण २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून वरचा फेस काढा, गाळा, आणि ३० मिलीच्या साच्यांत भरा. गोठताना पाणी फुगतं, म्हणून साच्याचा वरचा दहावा भाग रिकामा ठेवा. साधारण १२ कँड्या होतात, प्रत्येकीत साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. साचा लहान असला की गोठणंही लवकर होतं आणि स्फटिक बारीक राहतात. मोठ्या साच्यात नेमकं उलटं घडतं.

दुधाने पोट फुगत असेल तर (शस्त्रक्रियेनंतर काही काळ लॅक्टोज न पचणं नेहमीचं आहे) लॅक्टोजमुक्त दूध घ्या. दाटपणासाठी दूध पावडर ढकलू नका, तिच्यात जवळजवळ निम्मं लॅक्टोजच असतं.

गोडीचं काय

गार पदार्थात गोडी कमी जाणवते, म्हणून मिश्रण एरवी जरा जास्त गोड करतात. पण शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणांची चवच बदलते आणि नेहमीचं गोड नकोसं वाटतं. आधी दोनच तुकडे गोठवून चाखा, मग उरलेलं मिश्रण भरा.

एरिथ्रिटॉल (साखरेऐवजीची गोड पूड) गोठणबिंदू खाली आणतं खरं, पण थंडीत परत स्फटिक धरतं आणि रेतीसारखं लागतं. या प्रमाणात एका मोठ्या चमच्यावर जाऊ नका. माल्टिटॉल आणि सॉर्बिटॉल नकोच, वारा आणि जुलाब ठरलेले. तुमच्याकडे अ‍ॅल्युलोज (कमी उष्मांकांची साखर) मिळत असेल आणि आहारतज्ज्ञांची हरकत नसेल, तर वरच्या प्रमाणाला २५ ग्रॅम घाला. मऊपणासाठी त्यासारखं दुसरं नाही. झायलिटॉल वापरत असाल तर घरातल्या कुत्र्यापासून दूर ठेवा, त्याला ते विषारी आहे.

विकतच्या कँडीवर ‘साखर घातलेली नाही’ लिहिलेलं असलं तरी आत फळांची मूळची साखर असू शकते. पोटाचं बायपास झालेल्यांना एवढी साखरही डंपिंगला (अन्न पोटातून आतड्यात फार लवकर उतरण्याला) पुरते: खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत पोटात कळा, धडधड, घाम, जुलाब, किंवा एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरून थरथर.

खाताना

फ्रीझरमधून काढून ५ ते १० मिनिटं बाहेर ठेवा, मग चाटत, तोंडात विरघळवत खा. ३० मिलीला १५ मिनिटं लागली तर बरोबर वेग आहे. अगदी गार घोटाने काहींच्या छातीखाली कळ येते. तसं झालं तर थांबा आणि कँडी वाटीत वितळवून चमच्याने घ्या. उलटी थांबत नसेल किंवा पाण्याचा घोटही उतरत नसेल, तर लगेच शस्त्रक्रियेच्या टीमला फोन करा.

वाटलेल्या अन्नाचा टप्पा आला की साच्यांची गरज उरत नाही. तेच मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, ४ तुकडे २ मोठे चमचे दुधाबरोबर ब्लेंडरमध्ये फिरवा आणि लगेच खा. उरलेलं परत गोठवलं की पुन्हा दगड. बी किंवा साल असलेलं फळ घालायचं तर गर बारीक चाळणीतून गाळूनच. सगळ्या कँड्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. उघड्या राहिल्या तर पृष्ठभाग कोरडा पडतो आणि फ्रीझरमधला वास धरतो.