खोकं जमिनीला टेकलं की वेळ गेला: मालाची गाडी लवकर खाली कशी करावी

एकदा मी एक गाडी खाली होत असताना नुसती घड्याळ आणि वही घेऊन बाजूला उभी राहिले. एकाही खोक्याला हात लावला नाही. गाडीत ९०० खोकी होती, सगळी सुटी, तळापासून छतापर्यंत रचलेली. उतरवायला चार जण. गाडी दाराला लागल्यापासून शेवटचं खोकं बाहेर येईपर्यंत १७० मिनिटं गेली. त्यातली २८ मिनिटं पहिलं खोकं हलायच्या आधीच संपली होती, कारण आदल्या दिवशीची रिकामी पॅलेट (माल रचून ओढायचे सपाट तळ) दारातच पडली होती आणि सीलचा, म्हणजे गाडीच्या दाराला लावलेल्या नंबरी मोहरेचा, नंबर लिहिलेला कागद कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे काम नऊ वेळा खोळंबलं, त्याची बेरीज ४१ मिनिटं. म्हणजे १७० पैकी ६९ मिनिटं गाडीतून काहीच बाहेर आलं नाही. उरलेल्या १०१ मिनिटांत पोरं मिनिटाला जवळपास नऊ खोकी काढत होती. याहून जास्त वेग मागायचा तर कुणाच्या तरी कमरेची वाट लावायची.

त्या दिवसापासून मी "हात चालवा" म्हणून ओरडणं बंद केलं आणि खोळंबे शोधायला लागले. दुकानाच्या मागच्या दारी माल उतरवून घेण्याचं काम मी तेरा वर्षं करते आहे. बहुतेक खोळंब्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट सापडली आहे: खोकं कुठे जायचं ते ठरलेलं नसतं, म्हणून ते तात्पुरतं जमिनीवर टेकतं. मग ते पुन्हा उचलावं लागतं, येणारा-जाणारा त्याला वळसा घालतो, जॅकला (पॅलेट उचलून ओढायच्या हातगाडीला) वाट मिळत नाही, आणि मागून येणारी खोकी त्याच्याभोवती साचत जातात. म्हणून आमच्याकडे एकच हिशेब चालतो. गाडीतून फळीवर जाईपर्यंत एका खोक्याला किती वेळा हात लागला? पूर्वी सहा-सात वेळा लागायचा, आता तीन वेळा, फार तर चार. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका आकड्यासाठी आहे.

आदल्या दिवशीची तयारी

गाडी उद्या सकाळी येणार असेल तर तिचं अर्धं काम आज दुकान बंद होताना होतं. आधी जागा मोजा. १२०० बाय १००० मिलिमीटरचं एक पॅलेट १.२ चौरस मीटर जागा खातं. चाळीस फुटी कंटेनरमध्ये अशी २० ते २१ पॅलेट बसतात. म्हणजे नुसती पॅलेट टेकवायलाच २४-२५ चौरस मीटर जागा हवी, चालायची जागा वेगळी. तेवढी जागा मागे नसेल तर गाडी पूर्ण खाली होईपर्यंत थांबून चालणार नाही. भरलेलं पॅलेट लगेच दुकानात सरकवायचं, हे आधीच ठरवून ठेवा, आणि दुकानातल्या माणसांनाही सांगून ठेवा. नाहीतर ऐन वेळी ती म्हणतात, "आत्ता नको, गिऱ्हाईक आहे."

जमिनीवर रंगीत टेपने प्रत्येक विभागाची रांग आखा आणि वर भिंतीवर मोठ्या अक्षरांत विभागाचं नाव लावा. ज्या विभागाची खोकी सगळ्यात जास्त येतात त्याची रांग दाराला सगळ्यात जवळ. आम्ही सुरुवातीला दुकानातल्या क्रमाने रांगा लावल्या होत्या, दिसायला छान दिसायचं. पण कपडे धुण्याची पावडर आणि टिश्यू पेपर, जे रोज ढिगाने येतात, ते दूरच्या कोपऱ्यात गेले आणि माणसं दिवसभर तिकडेच फेऱ्या मारत बसली. रांगांच्या मधून जॅक वळवायला मी दोन मीटरचा रस्ता मोकळा ठेवते. त्या रस्त्यावर काहीही ठेवायचं नाही, "दोन मिनिटांसाठी" सुद्धा नाही. प्रत्येक रांगेत एक रिकामं पॅलेट आधीच मांडून ठेवायचं, आणि जादाची पॅलेट हाताशी थप्पी लावून.

हँड पॅलेट जॅकची चाकं रात्रीच बघा. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण कुणीच बघत नाही. जॅक आडवा करा आणि फोर्कच्या, म्हणजे पॅलेटखाली जाणाऱ्या दोन लांब दात्यांच्या, टोकाशी असलेल्या छोट्या चाकांकडे नीट पाहा. पॅलेटवरून सुटलेली स्ट्रेच फिल्म (माल गुंडाळायचं पातळ प्लास्टिक) तिथे आसाभोवती गुंडाळली जाते. तिच्यावर धूळ बसते, ती दाबली जाते आणि काळ्या सुतळीसारखी घट्ट होते. मग ते चाक फिरत नाही, नुसतं घासतं. भरलेलं पॅलेट ओढताना जॅक एका बाजूला खेचायला लागतो आणि ओढणारा माणूस समजतो की माल जड आहे. आमच्या एका जॅकच्या चाकातून मी हाताच्या लांबीची फिल्म बाहेर काढली होती. कटरने चीर द्यायची, पक्कडीने ओढून काढायची, पाच मिनिटांचं काम. तो जॅक दुसऱ्या दिवशी एका हाताने चालत होता.

स्कॅनर चार्जिंगला लावणे, मार्कर, कटर आणि हातमोजे एका डब्यात दाराशी ठेवणे, या गोष्टी बारीक आहेत, पण माझ्या वहीतले नऊपैकी दोन खोळंबे मार्कर शोधण्याचे होते.

गाडी लागली की

ही पाच मिनिटं घाई करायची नाहीत. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, आणि गाडीची किल्ली आपल्या ताब्यात. माणूस गाडीत असताना ड्रायव्हरने गैरसमजाने गाडी पुढे घेतली तर काय होईल याची कल्पना करा. किल्ली आपल्या खिळ्यावर टांगलेली असली की तो प्रश्नच उरत नाही. सीलचा नंबर कागदाशी जुळवा, फोटो काढा, मगच सील तोडा. नंबर जुळला नाही तर दार न उघडता पाठवणाऱ्याला फोन.

दार उघडताना एकच पाट आधी, थोडंसं, आणि आपण त्या पाटाच्या मागे. रस्त्यात माल सरकून दाराला टेकलेला असतो. मी दोन्ही पाट एकदम उघडताना एकदा काचेच्या बाटल्यांची वरची रांग माझ्या खांद्याच्या बाजूने खाली आलेली पाहिली आहे. मी वाचले ते केवळ अर्ध पाऊल बाजूला होते म्हणून. ते फुटलेले तुकडे आणि ओल आवरण्यात पाऊण तास गेला. त्यापुढे दार हळू उघडायला लागणारी दहा सेकंदं काहीच नाहीत.

थंड आणि गोठवलेला माल असेल तर तो सगळ्यात आधी. गोठवलेला माल उणे १८ अंश सेल्सिअसला राहायला हवा. त्याचं तापमान दारातच मोजून लिहा आणि तो सरळ फ्रीझरकडे पाठवा. आधी फ्रीझरमध्ये जागा करा, मग गाडीतून काढा. उलटं करू नका.

कोण कुठे उभं राहणार

लोक जास्त लावले की गाडी लवकर खाली होते, हा समज मला सगळ्यात महागात पडलेला आहे. कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर असते. त्यात शेजारी शेजारी दोनच माणसं मोकळेपणाने काम करू शकतात. तिसरा आत गेला की तिघंही एकमेकांची वाट पाहतात.

सुट्या खोक्यांच्या गाडीत खरा फरक पाडते ती चाकांची लांबवता येणारी रोलर लाइन. हिशेब करून बघा. कंटेनरची आतली लांबी सुमारे १२ मीटर. खोकं उचलून दारापर्यंत नेणं आणि परत येणं म्हणजे सरासरी १२ मीटर चाल. एकेक करून ९०० खोकी म्हणजे जवळपास ११ किलोमीटर, त्यातलं निम्मं अंतर हातात वजन घेऊन. रोलर असेल तर गाडी रिकामी होत जाईल तशी लाइन आत ओढत न्यायची आणि खोकं उचलून फक्त बाजूला ठेवायचं. लाइनला बाहेरच्या बाजूला अगदी हलका उतार द्या. खोकं कधीही निदान तीन रोलरवर टेकलेलं असलं पाहिजे, म्हणून फार छोटी खोकी मोठ्या खोक्यावर ठेवून सोडा, नाहीतर ती अडकून मागची सगळी रांग थांबवतात.

माझी मांडणी अशी असते: आत दोघं, लाइनच्या तोंडाशी एक, आणि पुढे रांगांमध्ये दोघं. पाच जण. लाइनच्या तोंडाशी उभा असलेला माणूस सगळ्यात महत्त्वाचा. तो लेबल वाचतो आणि खोक्यावर मार्करने विभागाचा आकडा तळहाताएवढा मोठा लिहितो. पुढच्यांना लेबल वाचावं लागत नाही, लांबूनच आकडा दिसतो आणि हात तिकडे वळतो. ही जागा मी सगळ्यात ताकदवान माणसाला देत नाही, माल सगळ्यात चांगला ओळखणाऱ्याला देते. आमच्याकडे ते काम एक वयस्कर काका करतात. लेबल फाटलेलं असलं तरी खोक्याच्या वजनावरून आणि हलवल्यावर येणाऱ्या आवाजावरून ते विभाग सांगतात. आतल्या दोघांना अशी सूचना आहे की खोकं सोडताना लेबल काकांच्या बाजूला करायचं. वळवायला अर्धं सेकंद लागतं, पण ते आत सहज होतं. तोंडाशी करावं लागलं तर लाइन थांबते.

आतली जागा दर अर्ध्या तासाने बदला. पोरं म्हणतात "जमतंय, राहू दे". तरीही बदला. अमेरिकेच्या नियॉश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात वजन उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली आहे, आणि तीही सगळी परिस्थिती अनुकूल असताना: वजन अंगाजवळ, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, अंग न पिळता. गाडीत यातलं क्वचितच काही असतं. तळातलं किंवा डोक्यावरचं खोकं असेल तर तो आकडा बराच खाली येतो. म्हणून जड खोक्याला दोघं, आणि वरच्या रांगांसाठी पक्की पायरी. भिंतीसारखा रचलेला माल पायऱ्या पायऱ्यांनी वरून खाली काढा. मधलं खोकं ओढायचा मोह झाला तर थांबा, वरची चार तुमच्यावर येतील.

पॅलेट भरताना जड माल खाली, कडेच्या बाहेर काही लोंबकळू द्यायचं नाही. खोक्याची ताकद त्याच्या कोपऱ्यांत असते, म्हणून खालचे थर कोपऱ्यावर कोपरा येईल असे सरळ रचायचे आणि सगळ्यात वरचा थर विटांसारखा आडवा-उभा, म्हणजे थप्पी बांधली जाते. उंची छातीपर्यंतच ठेवा, ओढणाऱ्याला पलीकडचं दिसलं पाहिजे. पॅलेट भरलं की ते निघालंच पाहिजे. त्याच्या जागी रिकामं पॅलेट आलंच पाहिजे, आणि ते आणायचं काम ओढून नेणाऱ्याचंच.

मोजणी

मोजणी शेवटी करू नका. शेवटी मोजायचं म्हणजे रचलेला माल पुन्हा हलवायचा, आणि ड्रायव्हर समोर उभा राहून घड्याळ बघत असतो. खोकं लाइनवरून जातानाच काका टॅलीच्या रेघा मारतात, दर पाचाला आडवी रेघ. माल पॅलेटवरच बांधून आला असेल आणि पाठवणाऱ्याने मालाची यादी आधी पाठवली असेल तर पॅलेटवरचा १८ आकडी एसएससीसी बारकोड (त्या एका पॅलेटचा ओळख क्रमांक) स्कॅन केला की त्यातल्या सगळ्या खोक्यांची नोंद एकदम मिळते. ही सोय असूनही खोकंन्‌खोकं स्कॅन करणारी दुकानं मी पाहिली आहेत. ज्यांचा माल नेहमी बरोबर येतो त्यांची काही पॅलेटच उघडून तपासा, ज्यांचा चुकतो त्यांची सगळी.

फुटका, दबलेला माल एका ठरलेल्या कोपऱ्यात, लाल टेपच्या चौकोनात. त्यावर चर्चा गाडी चालू असताना नाही. सगळं खाली झाल्यावर एकदम फोटो, एकदम नोंद, आणि ती नोंद चलनावर सही करण्याआधी लिहायची. सही आधी झाली की पुढचा वाद आपण अर्धा हरलेलो असतो.

पाठवणाऱ्याशी बोला

यात संकोच करू नका. गोडाऊनमध्ये गाडी भरणाऱ्या माणसाने आपलं मागचं दार कधी पाहिलेलं नसतं. त्याला फोटो पाठवा. आम्ही सलग सहा आठवडे गाडी उघडल्याबरोबर आतला फोटो काढून पाठवत राहिलो, सोबत एक ओळ: कुठल्या विभागाचा माल कुठे विखुरला होता आणि किती मिनिटं गेली. सातव्या आठवड्यापासून एका विभागाचा माल एकत्र येऊ लागला. रागाने केलेल्या तक्रारींनी त्याआधी दोन वर्षांत हे झालं नव्हतं. त्यांना गाडीची वेळही ठरवून मागा. दोन गाड्या एकाच वेळी दाराशी आल्या तर वरचं सगळं नियोजन कोलमडतं. अशा वेळी एक पूर्ण खाली करायची आणि मगच दुसरी. दोन्हींत माणसं वाटली तर दोन्हींचा माल एकमेकांत मिसळतो.

गाडी जाण्याआधी

रिकामी पॅलेट आणि परतीचं सामान त्याच गाडीत चढवा. मग टॉर्च घेऊन आत पुढच्या कोपऱ्यांपर्यंत जाऊन या. पट्ट्यांच्या गुंत्याखाली मला दोनदा छोटं खोकं सापडलं आहे, आणि दोन्ही वेळा आम्ही ते कमी आलं म्हणून लिहून मोकळे झालो होतो. वहीत चार गोष्टींची वेळ लिहा: गाडी लागली, पहिलं खोकं, शेवटचं खोकं, गाडी सुटली. खोळंबा झाला तर कारणासकट. मग डॉकची फळी (आपलं दार आणि गाडी जोडणारी) खाली घ्या, दार लावा, ठोकळे काढा, आणि सगळ्यात शेवटी किल्ली ड्रायव्हरच्या हातात द्या.