सुतारी हत्यारांचं दुकान टाकताय? या चुका टाळा

आमचं दुकान पुण्यात, बोहरी आळीजवळ. दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी येतं, नोकरी सोडलेली असते किंवा सोडायच्या बेतात असतात, आणि म्हणतात, काका, मला हार्डवेअर नाही, फक्त चांगल्या सुतारी हत्यारांचं दुकान काढायचंय. काढा की. पण निदान खालच्या चुका तरी करू नका.

शोकेसमध्ये भारी रंधे आणि पॉलिश पेपर मात्र संपलेला, हे मी दोन दुकानांत बघितलं, दोन्ही बंद झाली. रंधा एकदा नेला की तो माणूस दहा वर्षं दुसऱ्या रंध्यासाठी येत नाही. भाडं निघतं ते बिट, ब्लेड आणि पेपरवर. मग मला लाय-नील्सनचं उदाहरण देतात. अरे, ते अमेरिकेत, मेन राज्यात, १९८१ पासून स्वतः रंधे बनवून विकतायत, आपण आणणार म्हणजे फ्रेट, ड्युटी, वर जीएसटी, आणि बँकेचं व्याज चालूच.

आता माझी स्वतःची चूक. पहिल्याच वर्षी ट्रिमरच्या, म्हणजे लाकडाला खाच मारायच्या हातमशीनच्या, बिटांचा मोठा लॉट घेतला, ६ एमएम दांडीचा. सप्लायर म्हणाला, पाव इंच न् सहा एकच हो, केसाएवढा फरक. मी पण विकताना तेच सांगत होतो. पाव इंच म्हणजे ६.३५ एमएम, हे शाळेतल्या पोराला कळतं. एका मिस्त्रींनी तो बिट पाव इंची कॉलेटमध्ये, म्हणजे मशीन बिटाची दांडी पकडतं तिथे, जोर लावून आवळला, सागवानी ड्रॉवरच्या फळीला खाच मारताना बिट हळूहळू खाली सरकत गेला आणि खाच शेवटाला दुप्पट खोल. फळी घेऊनच आले दुकानात. काही बोलले नाहीत, नुसती काउंटरवर ठेवली. सागाचे पैसे मी दिले, आणि बिट उडून हाताला लागला नाही हे नशीब. तेव्हापासून जाडी मोजायचा व्हर्नियर काउंटरवरच असतो, प्रत्येक पाकिटावर मार्करने ६ किंवा पाव लिहितो, आणि नवीन गिऱ्हाईक असेल तर ट्रिमर घेऊन या म्हणतो. काही चिडतात, चिडू देत.

उधारी. काँट्रॅक्टर तीन महिन्यांनी पैसे देणार, पण बिल फाडलं की दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या २० तारखेला जीएसटी खिशातून भरावा लागतो. मी सुतारांना महिनाभर देतो, काँट्रॅक्टरला नाही.

ऑनलाइनच्या भावाशी बरोबरी करू नका, हरणारच.

पावसाळ्याआधी लोखंडी माल तेल लावून ठेवा. मी मशीन ऑइल वापरतो, बाकीचे काय काय सांगतात.

आणि धार लावायची सोय ठेवा. नवशिक्यांना धार न लावता चालणारी पटाशी हवी असते, ती अजून निघालेली नाही. नवी पटाशी पाकिटातून काढली की तिला धार लावावीच लागते, हे न सांगता विकलीत तर आठ दिवसांत "खराब माल" म्हणून परत येते. मी दगड काउंटरवरच ठेवलाय, पाण्याचा डबा बाजूला, गिऱ्हाइकासमोर घासतो आणि त्यालाही दोन हात मारायला लावतो. पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात त्याची नजर मागच्या भिंतीवर फिरते आणि बहुतेक वेळा तो दगडही घेऊन जातो.