ओल्या डोंगरउतारावर औद्योगिक भांगेचे पीक

भांगेचे झाड ओलाव्यात उगवते, म्हणून ते ओलाव्यात पिकतेही, असा समज उत्तराखंडच्या डोंगराळ भागात फिरताना सहज होतो, कारण तिथे वाटेच्या कडेला, गोठ्यामागे आणि पडीक शेतात ते पुरुषभर उंचीचे वाढलेले दिसते. रानातल्या झाडाचे काही बिघडले तरी कोणाचे नुकसान होत नाही. शेतात मात्र सरळ खोड, अखंड धागा आणि भरलेले बी हवे असते, आणि या तिन्हींचा शत्रू पावसाळ्यातील साचलेली ओल हाच असतो. या पिकावर फवारणी करून ओलाव्यावर मात करता येते, यावर माझा फारसा विश्वास नाही. जे साधायचे ते पेरणीपूर्वीच साधावे लागते.

सर्वांत आधी परवान्याचा विचार करावा. अमली पदार्थांसंबंधीच्या 1985 च्या केंद्रीय कायद्याच्या कलम 14 नुसार, धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक हेतूने सरकार विशिष्ट अटींवर या झाडाच्या लागवडीस मुभा देऊ शकते. या आधारे व्यावसायिक लागवडीचा परवाना देण्यास उत्तराखंडने 2018 मध्ये सुरुवात केली, आणि झाडातील टीएचसी हा नशा आणणारा घटक 0.3 टक्क्यांच्या आत असावा, अशी अट घातली. परवान्याशिवाय परसात लावलेले एक रोपही गुन्हा ठरते, आणि हे महाराष्ट्रातील वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे.

टीएचसीच्या या मर्यादेमुळे बियाण्याची निवड अवघड होते. युरोपातील प्रमाणित वाण कमी टीएचसीचे असले, तरी ते तिकडच्या लांब दिवसांसाठी तयार केलेले असतात. दिवस लहान होऊ लागला की भांग फुलोऱ्यावर येते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यातील दिवस मुळातच युरोपाइतका लांब नसल्यामुळे ते वाण गुडघ्या-कमरेएवढे असतानाच फुलून जातात. उलट दक्षिणेकडचे उंच, अरुंद पानांचे आणि उशिरा फुलणारे वाण ओल्या हवेत चांगले टिकतात, कारण त्यांचे तुरे विरळ असतात आणि त्यांतून वारा खेळतो. परंतु त्यांपैकी बहुतेकांमध्ये टीएचसी मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून हिमालयाच्या अक्षांशावर तपासलेले, विरळ तुऱ्यांचे आणि प्रमाणित कमी टीएचसीचे बियाणेच घ्यावे. स्वतःच्या शेतातील बी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याची आपली चांगली सवय येथे घातक ठरते. भांगेचे परागकण वाऱ्यावर दूरवर जातात, आजूबाजूला रानभांग असतेच, आणि संकरातून आलेली पुढची पिढी मर्यादा ओलांडू शकते.

जमीन निवडताना उतार पाहावा. मजगीच्या, म्हणजे उतारावर पायऱ्यांसारख्या केलेल्या, शेतात आतल्या कडेला, म्हणजे वरच्या बांधाच्या पायथ्याशी, पाणी साचते आणि तिथली रोपे पिवळी पडून खुंटतात; म्हणून त्या कडेने वीतभर खोल चर काढून पाणी बाहेर वळवावे. आदल्या वर्षी मोहरी किंवा राजमा घेतलेले शेत टाळलेले बरे. खोडाच्या आत काळे, उंदराच्या लेंडीसारखे कण तयार करणारी पांढरी बुरशी या पिकांवरही येते, आणि ते कण मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

पेरणीची वेळ ही या शेतीची किल्ली आहे. उत्तराखंडात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. त्याआधी किमान पाच-सहा आठवडे पेरणी झालेली असावी, म्हणजे वळवाच्या सरीनंतर वाफसा येताच, एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या आरंभी बी टाकावे. पहिले तीन आठवडे रोप फार नाजूक असते, आणि त्या अवस्थेत संततधार लागली की बुंध्याशी कुजून ओळीच्या ओळी कोलमडतात. एकदा रोप गुडघ्याच्या वर गेले की ते तणालाही दाबते आणि पावसालाही तोंड देते. बी दोन ते तीन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. ते तेलकट असल्यामुळे जुने झाले की उगवणक्षमता लवकर घटते, म्हणून शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून आधी उगवण तपासावी.

धाग्यासाठी दाट पेरणी लागते, कारण दाटीत खोड बारीक, सरळ आणि बिनफांद्यांचे राहते. पण दाटीत हवा कोंडते. यावर मधला मार्ग म्हणजे फोकून न पेरता सुमारे वीस सेंटिमीटरवर ओळी धरणे आणि त्या ओळी दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेने ठेवणे. हेक्टरी पन्नास ते साठ किलो बी पुरते, म्हणजे तिथल्या हिशेबात एका नालीला, सुमारे दोनशे चौरस मीटरला, एक ते सव्वा किलो. केवळ बियांसाठी पीक घ्यायचे असेल तर ओळींतले अंतर दुपटीहून अधिक ठेवून बियाणे निम्म्यावर आणावे. चांगले कुजलेले शेणखत द्यावे, मात्र युरियाचा हात आखडता ठेवावा, कारण नत्राने लुसलुशीत झालेले पीक राखाडी बुरशीला आयते सापडते.

ही राखाडी बुरशी म्हणजे ओल्या प्रदेशातील मुख्य दुखणे. वीस अंशांच्या आसपासचे तापमान, दिवसेंदिवस न वाळणारे तुरे आणि धुके, एवढे तिला पुरे होते. ती आधी वाळून अडकलेल्या फुलांच्या अवशेषांवर आणि मेलेल्या पानांवर बसते आणि मग तुऱ्याच्या आत शिरते. वरून एखादेच पान अकाली सुकलेले दिसते. असे पान दिसताच तुरा उघडून पाहावा, बाधित शेंडा निरोगी भागासह कापून पिशवीत घालावा आणि शेताबाहेर नेऊन जाळावा. हे काम पावसात करू नये, नाहीतर बुरशीची भुकटी आपणच पुढच्या ओळीवर नेतो.

धाग्याचे पीक नर झाडांचे पराग झडत आल्यावर कापावे. त्यानंतर धागा राठ होत जातो. ही वेळ नेमकी भर पावसाची असते, त्यामुळे कापणी लांबवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. कापलेल्या पेंढ्या कुजवण्याची रीत अंबाडी किंवा ताग पाहिलेल्यांना सांगण्याची गरज नाही. फक्त त्या वाहत्या ओढ्यात बुडवू नयेत, कारण कुजताना पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. वेगळा खड्डा घ्यावा, सातव्या दिवसापासून रोज एक काडी मोडून पाहावी आणि साल खालपासून वरपर्यंत सलग सुटली की त्याच दिवशी पेंढ्या बाहेर काढाव्यात. एक दिवस अधिक झाला तरी धाग्याचा जोर जातो.

बियांसाठी ठेवलेली मादी झाडे ऑक्टोबरमध्ये, दोन तृतीयांशांहून अधिक दाणे तपकिरी झाल्यावर कापावीत. सगळे दाणे पिकण्याची वाट पाहिल्यास निम्मे पाखरे नेतात. मळलेले बी चुलीजवळ किंवा कडक उन्हात न वाळवता सावलीत, वाऱ्यावर, पातळ थरात वाळवावे आणि ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आल्याखेरीज डब्यात भरू नये. उत्तराखंडातील कुमाऊँ भागात चटणीसाठी लागणारे बी हेच. मळणीनंतर उरलेला तुऱ्यांचा भुसा मात्र उकिरड्यावर टाकू नये. फुलोऱ्याचे शेंडे कायद्याच्या भाषेत गांजा ठरतात, म्हणून त्याची विल्हेवाट परवान्यात लिहिलेल्या रीतीनेच लावावी आणि तशी नोंद ठेवावी.