भूमध्य समुद्रातले वनस्पतिप्लवक: अभ्यास करताना या चुका टाळा

भूमध्य समुद्र एवढा निळाशार दिसतो, कारण त्यात खायला फारसं काही नाही. बाष्पीभवन जास्त, पाऊस आणि नद्यांचं पाणी कमी; ती तूट भरायला जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं वरचं, पोषकद्रव्यं संपत आलेलं पाणी आत येतं. त्याच्या खालून खारट, जड आणि तुलनेनं सकस पाणी बाहेर जातं. म्हणजे आवक पातळ ताकाची आणि जावक लोण्याची. पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं तशी ही गरिबी वाढत जाते. मग किनाऱ्यालगत फायटोप्लँक्टन, म्हणजे वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या, सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म पेशी), वाढतात ते कशाच्या जोरावर? नदी, सांडपाणी, वारा, हिवाळ्यात खालचं पाणी वर येणं, अशी प्रत्येक उपसागराची आपापली कारणं असतात. ती न बघता आकडे वाचले की चुका सुरू होतात. या विषयावरचे प्रबंध आणि अहवाल वाचताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे लिहितो आहे.

कोकणचं कॅलेंडर तिकडे लावणं

आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेल्यांची ही खास चूक. आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर: नद्या गाळ आणतात, समुद्र खवळतो आणि त्यातून बहर, म्हणजे प्लवकांची एकदम होणारी वाढ, येतो. भूमध्य किनाऱ्यावर उन्हाळा कोरडा असतो. वरचं पाणी तापून हलकं होतं, झाकणासारखं बसतं आणि खालची पोषकद्रव्यं वर येऊ देत नाही. पाऊस शरद आणि हिवाळ्यातला, त्यामुळे मोठा बहर बहुतेक ठिकाणी हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंतात येतो. नेपल्सच्या उपसागरात तर ऐन फेब्रुवारीतही येतो. थंडीनं पाणी ढवळून खालचं अन्न वर आलेलं असतं. मग चार दिवस वारा पडला, स्वच्छ ऊन मिळालं की डायटम (काचेसारख्या कवचाचे प्लवक) भराभर वाढतात. म्हणून फक्त जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे सुट्टीत, नमुने घेऊन ‘इथे प्लवक नगण्य आहेत’ असं लिहू नका.

भरती-ओहोटीचंही तसंच. मुंबईत उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यावर तो वीतभर, फार तर दोन वीत. उत्तर एड्रियाटिक आणि ट्युनिशियाचं गाबेसचं आखात हे अपवाद. त्यामुळे बंदराच्या भिंतीआड अडकलेलं पाणी रोज धुऊन निघत नाही. कॅटलान किनाऱ्यावरच्या बंदरांत अलेक्झांड्रियमसारखे विषारी डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या धाग्यांनी पोहणारे प्लवक) ठाण मांडतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. बंदरातला नमुना ‘किनाऱ्याचा नमुना’ म्हणून सरासरीत मिसळला, तर सगळा आलेख बिघडतो.

फॉस्फेटचं ‘शून्य’

यावर जरा जास्त बोलतो, कारण इथेच सर्वात जास्त गफलत होते. जगातल्या समुद्रात नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण १६ ला १ मानतात. पूर्व भूमध्य समुद्राच्या खोल पाण्यात ते २८ च्या आसपास आहे, म्हणजे तिथे टंचाई फॉस्फरसची. उन्हाळ्यात वरच्या पाण्यातलं फॉस्फेट नेहमीच्या निळ्या रंगाच्या पद्धतीनं (फॉस्फेट जितकं जास्त तितका रंग गडद) मोजायला गेलं, तर लिटरला ०.०२-०.०३ मायक्रोमोलच्या खाली उपकरण आंधळं होतं. विद्यार्थी तिथे ० लिहितो आणि मग त्या शून्यानं नायट्रेटला भागतो. कुणी मोजमर्यादेच्या (उपकरणाला दिसणाऱ्या सर्वात कमी प्रमाणाच्या) निम्मा आकडा धरून भागतो. येणारं गुणोत्तर समुद्राबद्दल काही सांगत नाही, उपकरणाबद्दल सांगतं. ‘मोजमर्यादेखाली’ असं स्पष्ट लिहावं आणि गुणोत्तर काढूच नये.

याच्या उलटही घडतं: निर्जन किनाऱ्यावरच्या नमुन्यात फॉस्फेट भरघोस येतं. तेव्हा आधी बाटल्या कशानं धुतल्या ते विचारा. साबण किंवा डिटर्जंट नको. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग शुद्ध पाणी आणि शेवटी त्याच समुद्राच्या पाण्यानं खळखळून धुणं.

शिवाय साठा कमी म्हणजे उलाढाल कमी, असं नसतं. गल्ल्यात पैसे दिसत नाहीत म्हणून दुकान बंद आहे असं थोडंच? तिथला फॉस्फरस काही तासांत एका पेशीतून दुसरीत फिरत असतो. आणि खत टाकलं की पीक येईल हा शेतीतला हिशेबही तिथे चुकला आहे. मे २००२ मध्ये सायप्रसच्या दक्षिणेला खुल्या समुद्रात संशोधकांनी मुद्दाम फॉस्फेट सोडलं. हरितद्रव्य (क्लोरोफिल, ज्यावरून प्लवकांचा अंदाज बांधतात) वाढण्याऐवजी घटलं. तो फॉस्फरस जीवाणूंनी आधी उचलला आणि पुढे त्यांच्यामार्फत प्राणिप्लवकांकडे गेला. कोपेपॉडांच्या, म्हणजे कोळंबीच्या कुळातल्या इवल्या प्राणिप्लवकांच्या, अंड्यांची संख्या वाढली. फॉस्फरस आणणारी सहाराची धूळ पडली की लगेच बहर येतो, असं ठोकून देणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

जाळी, आयोडीन आणि घाई

२० मायक्रोमीटरच्या जाळीनं पाणी गाळून ‘इथले प्लवक’ म्हणून यादी करणं म्हणजे चाळणीनं मीठ मोजणं. या गरीब पाण्यात बरेचदा बहुसंख्य असतात त्या सिनेकोकोकस आणि प्रोक्लोरोकोकससारख्या, एक मायक्रोमीटरच्या आसपासच्या किंवा त्याहून लहान पेशी. त्या फ्लो सायटोमीटरलाच (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्राला) नीट दिसतात. जाळी प्रजाती ओळखायला चालेल, मोजणीला नको.

लुगॉलचं आयोडीन (पेशी टिकवायचं द्रावण) घातलेला नमुना पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचा दिसावा. साठवणीत रंग फिका पडत जातो, म्हणून अधूनमधून बघून पुन्हा थेंब घालावेत. आम्लयुक्त लुगॉलमध्ये कॉकोलिथोफोर नावाच्या प्लवकांचे चुन्याचे कवच विरघळतात; ते हवे असतील तर उदासीन केलेल्या फॉर्मालिनमध्ये वेगळी बाटली ठेवा. फॉर्मालिन मात्र नाजूक कशाभिकाधारी (चाबकासारख्या धाग्यानं पोहणाऱ्या) पेशी फोडतं, त्यामुळे एकाच बाटलीवर भागत नाही. उटरमोलच्या पद्धतीत, म्हणजे पेशी तळाशी बसवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजताना, १०० मिलिलिटरच्या उंच नळीला ४८ तास बसू द्या. थंड नमुना तसाच ओतला तर पाण्यात प्रवाह फिरतात आणि पेशी एका कडेला साचतात. आधी खोलीच्या तापमानाला आणा.

हरितद्रव्य म्हणजेच प्लवक?

नव्हे. अंधारात राहणारी पेशी प्रकाश पकडायला जास्त हरितद्रव्य बनवते. पूर्व भूमध्य समुद्रात उन्हाळ्यात हरितद्रव्याचा कमाल थर १०० मीटरच्या आसपास सापडतो. तिथे पेशी तेवढ्याच पटीनं जास्त असतात असं नाही. उपग्रहाला तो थर दिसतच नाही. जागतिक समुद्रासाठी बसवलेलं सूत्र भूमध्य समुद्राच्या स्वच्छ पाण्यात हरितद्रव्य फुगवून दाखवतं, म्हणून या समुद्रासाठी वेगळी सूत्रं तयार झाली आहेत, तीच वापरा. पो किंवा ऱ्होन नदीच्या मुखाशी गाळ आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्यंही रंग बदलतात. तिथे बाटलीतल्या नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय नकाशा छापू नये.

रंग बघून घाबरणं, किंवा निर्धास्त राहणं

लाल पाणी विषारीच असतं असं नाही. उलट डायनोफायसिस हा विषारी डायनोफ्लॅजेलेट लिटरमागे काही शेच पेशी असला, पाणी आरशासारखं नितळ असलं, तरी शिंपले खाणाऱ्याला जुलाब होऊ शकतात. २००५ च्या उन्हाळ्यात जेनोआच्या किनाऱ्यावर सुमारे २०० जणांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास झाला. त्यामागचा ऑस्ट्रिऑप्सिस हा विषारी डायनोफ्लॅजेलेट मुख्यतः खडकांवर आणि समुद्री शैवालावर चिकटून वाढतो. फक्त पाण्याची बाटली भरली तर तो निसटतो. शैवालाची फांदी उचलून, हलवून, धुऊन ते पाणी मोजावं लागतं.

एकच गुन्हेगार शोधणं

हल्ली सगळं तापमानावर ढकलायची पद्धत पडली आहे. तापमान आहेच, पण किनाऱ्यावर माणसाचा हात आधी बघा. इटलीत १९८० च्या दशकात डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर निर्बंध आले. पुढे उत्तर एड्रियाटिकमधलं हरितद्रव्य घटत गेलं. नायट्रेट मात्र शेतातून येतच राहिलं, त्यामुळे नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण आणखी विषम झालं. इजिप्तमध्ये आस्वानचं उंच धरण झालं आणि १९६४ नंतर नाईलचा पूर समुद्रात पोचेना. त्या पुरावर पोसणारा डायटमांचा बहर गेला. त्याच्या मागोमाग सार्डिनही: १९६२ मधली सुमारे १८,००० टनांची पकड १९६८ पर्यंत पाचशे टनांच्या आसपास आली. १९८० च्या दशकापासून मासळी पुन्हा वाढली, ती बरीचशी खत आणि सांडपाण्याच्या जोरावर. मधली वर्षं वगळून फक्त पहिलं आणि शेवटचं टोक पाहणाऱ्याला वाटेल, धरणानं काही फरकच पडला नाही.

म्हणून नमुन्यांमधलं अंतरही बघा. बहर आठ-दहा दिवसांत येऊन जातो, महिन्यातून एक बाटली त्याला हुकते. नेपल्सच्या किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांवरच्या स्थानकावर १९८४ पासून मोजणी चालू आहे. आधी पंधरवड्याला, १९९५ पासून दर आठवड्याला. मधली १९९१ ते १९९५ ही वर्षं कोरी आहेत. त्या आलेखावरून सरळ रेषा ओढणाऱ्यानं तो खड्डा तसाच दाखवावा, दोन टोकं जोडून बुजवू नये.