पहिला ऑसिलोस्कोप घेताय? या चुका टाळा

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्कोप (म्हणजे ऑसिलोस्कोप, व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) बघायला जाण्याआधी घरीच एक यादी करा: पुढची दोन-तीन वर्षं मी काय मोजणार आहे? ऑडिओ ॲम्प्लिफायर, आर्डुइनोच्या (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या) पिना, एसएमपीएसची (स्विचिंग पॉवर सप्लायची) दुरुस्ती की रेडिओ? यादी नसली की "किती मेगाहर्ट्झचा दाखवू?" या दुकानदाराच्या पहिल्याच प्रश्नाला आपण अंदाजाने उत्तर देतो.

50 मेगाहर्ट्झच्या स्कोपवर 50 मेगाहर्ट्झचा सिग्नल व्यवस्थित दिसेल, हा सगळ्यात जुना गैरसमज. बँडविड्थचा आकडा म्हणजे जिथे 1 व्होल्टची साइन वेव्ह पडद्यावर जेमतेम 0.7 व्होल्टची दिसते ती फ्रिक्वेन्सी. स्क्वेअर वेव्हचं तर त्याहून अवघड, कारण तिच्या कडा वरच्या हार्मोनिक्समुळे (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरींमुळे) बनतात. आर्डुइनो उनोच्या 16 मेगाहर्ट्झ क्लॉकचा पाचवा हार्मोनिक 80 मेगाहर्ट्झवर पडतो. 50 मेगाहर्ट्झच्या स्कोपवर तो क्लॉक गोलसर, साइनसारखा दिसतो आणि माणूस चांगला क्रिस्टल बदलत बसतो. हिशेब सोपा आहे: 0.35 ला बँडविड्थने भागा, स्कोपचा स्वतःचा राइज टाइम (कड वर चढायला लागणारा वेळ) मिळतो. 50 मेगाहर्ट्झला 7 नॅनोसेकंद, 100 ला 3.5.

पण तुमचं काम 400 किलोहर्ट्झची आय-टू-सी (चिपांना जोडणारी दोन तारांची लाइन), 115200 बॉडची (सेकंदाला तेवढे बिट) सिरीयल लाइन आणि ऑडिओ एवढंच असेल तर 50 मेगाहर्ट्झ भरपूर झाले. मायक्रोकंट्रोलरवाल्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की जास्त मेगाहर्ट्झपेक्षा चार चॅनेलवर, म्हणजे एकावेळी चार सिग्नल दाखवणाऱ्या स्कोपवर, पैसे घाला. एसपीआयच्या (चिपांमधल्या चार तारांच्या जोडणीच्या) चारही तारा एकत्र दिसल्या की जो दोष सापडतो, तो दोन चॅनेलवर शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

खोक्यावरचा "1 गिगासॅम्पल" (सेकंदाला शंभर कोटी नमुने) बऱ्याचदा सगळ्या चॅनेलमध्ये वाटला जातो. रायगोल डीएस1054झेड हे उदाहरण घ्या: चारही चॅनेल चालू केले की प्रत्येकाच्या वाट्याला 250 मेगासॅम्पल येतात. मेमरी डेप्थकडे (स्कोप एकावेळी किती नमुने साठवतो त्याकडे) तर कोणी पाहतच नाही. 10 हजार पॉइंटची मेमरी 1 गिगासॅम्पलला 10 मायक्रोसेकंदांत भरते आणि 115200 बॉडला एकच बाइट सुमारे 87 मायक्रोसेकंद घेतो. पूर्ण संदेश बघायला टाइमबेस (पडद्यावर मावणारा कालावधी) वाढवला की स्कोप गुपचूप सॅम्पलिंग कमी करतो, आणि बारीक ग्लिच (क्षणभराचा बिघाड) निसटून जातो.

डीएसओ138 सारखं स्वतः जोडायचं स्कोपचं किट सोल्डरिंग शिकायला छान, पण त्याची बँडविड्थ 200 किलोहर्ट्झच्या आसपास आहे. ऑडिओपलीकडे त्यावर विसंबू नका. कॉलेजच्या लॅबमधला असतो तसा जुना सीआरओ (पिक्चर ट्यूबवाला ॲनालॉग स्कोप) स्वस्तात मिळतो. पुन्हा पुन्हा येणारी लहर तो सुंदर दाखवतो, मात्र एकदाच घडून गेलेली गोष्ट धरून ठेवत नाही.

जीवावर बेतणारी चूक

इथे घाई करू नका. प्रोबची (स्कोपला लावायच्या मोजणीच्या तारेची) काळी क्लिप म्हणजे मल्टिमीटरची काळी वायर नव्हे. ती बीएनसीच्या (स्कोपवरच्या, प्रोब लावायच्या गोल कनेक्टरच्या) बाहेरच्या कड्यातून, तीन पिनांच्या प्लगमधून थेट अर्थिंगला जोडलेली असते. सगळ्या चॅनेलच्या क्लिपाही आतून एकच असतात. एसएमपीएसच्या प्रायमरी बाजूला, म्हणजे ब्रिजनंतरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांनंतरच्या) सुमारे 325 व्होल्टच्या भागात, ही क्लिप लावली की सरळ शॉर्ट होतो: ब्रिज फुटतो, फ्यूज उडतो, प्रोबची तार जळते. मेन्सपासून आयसोलेशन (विद्युत फारकत) नसलेल्या एलईडी बल्बच्या ड्रायव्हरचंही तेच.

यावर "प्लगची अर्थ पिन काढून टाक" असा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. तसं केल्यावर स्कोपचे उघडे धातूचे भाग मेन्सच्या व्होल्टेजवर जातात आणि तुमचा हात नेमका तिथेच असतो. अशा कामाला डिफरेन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन बिंदूंमधलं व्होल्टेज मोजणारा) लागतो. तो परवडेपर्यंत प्रायमरीला हात लावू नका. यूएसबी स्कोपवाल्यांनी तर जास्तच जपावं, कारण क्लिपमागे लॅपटॉप आहे.

आर्डुइनो डेस्कटॉपच्या यूएसबीवर चालत असेल तर त्याचं ग्राउंड आधीच अर्थ झालेलं असतं. क्लिप चुकून 5 व्होल्टच्या पिनला लागली तरी शॉर्ट. गिरगाव-परळच्या जुन्या चाळींत सॉकेटला कधी कधी अर्थिंगच नसतं. तिथे स्कोपच्या बीएनसीला बोट लागताच झिणझिण्या येतात. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या, स्कोप नंतर.

लहर विचित्र दिसते तेव्हा

व्होल्टेज बरोब्बर दहापट किंवा दहावा हिस्सा दिसतंय? प्रोबवरचा 1एक्स-10एक्स स्विच आणि चॅनेलच्या मेनूतली सेटिंग जुळत नाहीये. स्विच एरवी 10एक्सवरच ठेवा: 1एक्सवर बहुतेक प्रोबची बँडविड्थ 6 ते 10 मेगाहर्ट्झपर्यंत घसरते, शिवाय केबलच्या कपॅसिटन्समुळे क्रिस्टल ऑसिलेटर बंदही पडू शकतो.

स्क्वेअर वेव्हचे कोपरे उंचावलेले किंवा दबलेले असतील तर स्कोपच्या 1 किलोहर्ट्झच्या टेस्ट पॉइंटला प्रोब लावून, सपाट माथा मिळेपर्यंत त्याचा ट्रिमर (बारीक स्क्रू) फिरवा. प्रत्येक कडेनंतर थरथर दिसते ती अनेकदा सर्किटची नसते, लांब ग्राउंड वायरची असते. प्रोबसोबत आलेली छोटी ग्राउंड स्प्रिंग लावून पुन्हा बघा. लहर सरकतच राहिली तर ट्रिगरची लेव्हल (ज्या व्होल्टेजला स्कोप चित्र सुरू करतो ती) सिग्नलच्या आत आणा. सर्किट चालू होतानाचा क्षण पकडायचा असेल तर ऑटो मोड सोडून सिंगल (एकदा पकडून थांबणारा) वापरा. पॉवर सप्लायचा रिपल (डीसीवरचा बारीक चढउतार) एसी कपलिंगवर (डीसी भाग गाळणाऱ्या सेटिंगवर) बघा, पण मोजून झाल्यावर परत डीसीवर या. नाहीतर पुढच्या मोजणीत 5 व्होल्टची रेल शून्यावर दिसेल.

हीच टेस्ट पॉइंटची लहर दुकानातही कामाला येते. पैसे देण्याआधी प्रत्येक प्रोब प्रत्येक चॅनेलला लावून ती बघा, सगळे नॉब फिरवा, पंख्याचा आवाज ऐका. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीत दुरुस्ती मुंबईत होते की स्कोप बाहेर पाठवावा लागतो, ते तिथेच विचारा.